तांबेऱ्याची जुनी पाकिटं: नाव नंतर, आधी गाव आणि तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी तो विचारला आहे. त्यांचा विभाग नव्या इमारतीत हलतो आहे. सामान काढताना एका जुन्या लाकडी कपाटात तांबेरा लागलेल्या वाळक्या पानांची कागदी पाकिटं निघाली, बरीच. चिठ्ठ्या काही इंग्रजीत, काही उर्दूत. ‘मोमिनाबाद, हैदराबाद स्टेट’ अशी ठिकाणं, काहींवर फसली साल (निजामाच्या राज्यातलं सरकारी वर्ष), बुरशीची जुनी नावं. पानं ठिसूळ झाली आहेत, काहींना कीड लागली आहे. वरिष्ठांचं मत असं की हे जाळून टाका, नाहीतर उगाच रोग पसरेल. मॅडमचे प्रश्न तीन: याला काही किंमत आहे का, धोका आहे का, आणि ठेवायचं ठरलं तर सुरुवात कुठून करायची?

मॅडम, आधी धोक्याचं बोलतो, कारण तो गैरसमज आज दूर झाला नाही तर उद्या कपाट राहणार नाही.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते. पान वाळलं की तिचे लालसर बीजाणू, म्हणजे युरेडोस्पोर, काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत उगवण्याची ताकद गमावतात. आपल्याकडचा एक उन्हाळासुद्धा त्यांना सोसत नाही. गव्हाचा तांबेरा आपल्या शेतात दरवर्षी बाहेरून नव्याने यावा लागतो, तो याच कारणाने. सत्तर-ऐंशी वर्षं कागदात पडलेल्या पानावरून कुणाच्याही शेताला रोग लागणार नाही, हे वरिष्ठांना लेखी द्या.

खरा धोका वेगळा आहे आणि तो माणसाला आहे. त्या काळी कीड लागू नये म्हणून वनस्पतींच्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण लावायची सर्रास पद्धत होती. तो पारा वर्षानुवर्षं कागदात राहतो. तुमच्या नमुन्यांना ते लावलं होतं की नाही हे डोळ्यांनी खात्रीने कळणार नाही, म्हणून लावलं आहे असं धरूनच वागा. हातमोजे घाला, मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, त्या टेबलावर चहा-डबा आणू नका, आणि पाकिटं झटकायला विद्यार्थ्यांना लावू नका. पाकीट झटकायचं नसतंच. पानावरचे फोड गळून कागदाच्या घडीत जमलेले असतात. ती तळाशी साचलेली तांबूस पूड म्हणजे तुमच्या नमुन्याचा अर्धा जीव आहे.

आता किंमत. बऱ्याच बुरशा नळीत, आगार नावाच्या जेलीसारख्या माध्यमावर वाढवून जिवंत ठेवता येतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तसा जिवंत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तांबेऱ्याच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नाही. काही मोजके अपवाद सोडले तर तांबेरा कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. गव्हाच्या तांबेऱ्याचे प्रकार शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात जिवंत सांभाळतात, पण ते गव्हाच्या रोपांवर पुन्हापुन्हा वाढवून आणि अतिथंड तापमानात साठवून. गहू मोठं पीक, म्हणून तेवढा खटाटोप होतो. आंबुटीवरच्या, बोरीवरच्या, हरळीवरच्या तांबेऱ्यासाठी तो कोण करणार? अशा बुरशीचा एकमेव पुरावा म्हणजे वाळलेलं पान आणि त्यावरची चिठ्ठी. जगात तांबेऱ्याच्या सात-आठ हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींचं सगळं ज्ञान अशाच पाकिटांवर उभं आहे.

आपल्या देशात हे काम शिस्तीने सुरू झालं ते बिहारमधल्या पुसा इथे. ई. जे. बटलर यांनी १९०५ मध्ये तिथे बुरशीसंग्रहाची सुरुवात केली. १९३४ च्या भूकंपात पुशाची संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला आली, संग्रहही आला. आज भारतीय कृषी संशोधन संस्थेत असलेला ‘हर्बेरियम क्रिप्टोगॅमी इंडिए ओरिएंटॅलिस’ तो हाच, सुमारे ५०,००० नमुन्यांचा. आपल्या जवळचा म्हणजे पुण्याच्या आघारकर संस्थेतला आजरेकर बुरशीसंग्रह. श्री. ल. आजरेकर यांचं नाव त्याला दिलं आहे. ज्वारीच्या चिकट्यावर, म्हणजे अरगटवर, त्यांनी १९२० च्या दशकात जे काम केलं ते आजही वाचलं जातं. परदेशात फक्त तांबेऱ्याला वाहिलेला सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात आहे, एक लाखाहून अधिक नमुन्यांचा.

या सगळ्या संग्रहांत मराठवाडा विरळ आहे. कारण सरळ आहे. इंग्रज अमदानीतले गोळा करणारे लोक इंग्रज मुलखात फिरले. महाबळेश्वर, खंडाळा, पुणे, बेळगाव, धारवाड इथले नमुने भरपूर मिळतात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची छापली, तिच्यात निजामाचा मुलूख नाही. मद्रासच्या सूचीतही नाही. आपण दोन्हींच्या मधल्या फटीत राहिलो. परभणीला निजामाच्या शेती खात्याचं प्रयोगक्षेत्र होतं, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती, त्यामुळे त्या पट्ट्यातलं काही ना काही गोळा झालं. पण बालाघाटाच्या डोंगरातलं, मोमिनाबादचं १९५० च्या आधीचं तांबेऱ्याचं पाकीट म्हणजे फार दुर्मीळ वस्तू. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मी इतका अस्वस्थ झालो.

गव्हाचं उदाहरण घेतो, म्हणजे एका पाकिटाचं वजन लक्षात येईल. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी तांबेरा दरवर्षी येतो कुठून याचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि १९४० मध्ये त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरीच्या झुडपांवरून गव्हावर येतो. आपल्याकडे तसं होत नाही, मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा मरतो आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या, उत्तरेत हिमालयाच्या थंड डोंगरांत तो जगून राहतो, तिथून पुन्हा खाली येतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९७० च्या दशकात नागराजन आणि सहकाऱ्यांनी ती वाट आणखी स्पष्ट केली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ आलं की त्या वाऱ्यांबरोबर निलगिरीकडचे बीजाणू मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात.

नकाशा समोर धरा. निलगिरी आणि नर्मदा यांच्या मधोमध आपण आहोत. या सगळ्या विचारात कळीची गोष्ट आहे ती तारीख: कुठल्या गावात, कुठल्या आठवड्यात गव्हावर पहिला फोड दिसला. मराठवाड्यातलं बन्सी गव्हाचं, डिसेंबर-जानेवारीतलं काळ्या तांबेऱ्याचं पाकीट हा त्या वाटेवरचा एक मुक्काम असतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली होती. तो हंगाम म्हणजे फसली १३५६. तुमच्या कपाटात फसली १३५६ लिहिलेलं गव्हाचं पाकीट निघालं तर ते आधी बाजूला काढा.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. बुरशीचं नाव बरोबर आहे की चूक, ही काळजी आज करू नका. नाव पुढच्या पन्नास वर्षांत कुणीही जाणकार दुरुस्त करील, त्यासाठी पान पुरेसं आहे. गाव, तारीख, पीक आणि गोळा करणाराचं नाव ही माहिती मात्र चिठ्ठीखेरीज कुठेच नाही. ती चिठ्ठी झुरळाने खाल्ली की नमुना मुका झाला.

तेव्हा पहिलं काम फोटोंचं. कपाट हलवण्याच्या आधी करा. पाकिटं ज्या क्रमाने, ज्या खणात आहेत तो क्रम टिपून ठेवा. शेजारच्या पाकिटावरचं अक्षर आणि शाई पाहून अर्धवट चिठ्ठीचा पत्ता लागतो, तो क्रम मोडला की संपलं. प्रत्येक पाकिटाला पेन्सिलने तात्पुरता क्रमांक द्या. बाहेरून, आतून, चिठ्ठीच्या मागून असे फोटो घ्या, सोबत मोजपट्टी ठेवा. पानं ज्या वर्तमानपत्रात दाबली आहेत तो तुकडाही फेकू नका. त्यावर तारीख असेल तर नमुना त्या तारखेनंतरचा आहे एवढं तरी पक्कं होतं. उर्दू वर्तमानपत्र असेल तर छापखान्याचं गावही कळतं.

नंतर तक्ता. त्यात प्रत्येक माहितीला दोन रकाने ठेवा: एक ‘जसं लिहिलं आहे तसं’, दुसरा ‘आजच्या हिशेबाने’. पहिल्या रकान्यात स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच उतरवा. आणि जुन्या चिठ्ठीवर पेन चालवू नका, अगदी उघड चूक दिसली तरी. सातबाऱ्यावर आपण जुनी नोंद खरवडत नाही, फेरफार घेतो. इथेही तेच. वेगळी छोटी चिठ्ठी लिहायची, त्यावर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि तारीख, आणि ती पाकिटात जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवायची. जुन्या चांगल्या पाकिटांत अशा तीन-तीन चिठ्ठ्या सापडतात आणि त्या वाचताना एका बुरशीबद्दलचा विचार कसा बदलत गेला ते समोर उभं राहतं.

फसली तारखांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे बहुतेक जण चुकतात. हैदराबाद संस्थानाचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्याने सुरू होई. फसली आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. आजुर, दे, बहमन, इस्फंदार असा क्रम आहे. म्हणजे ‘इस्फंदार १३५६’ हा जानेवारी १९४७ चा सुमार. सरसकट ५९० मिळवले तर तो जानेवारी १९४६ होतो आणि साथीच्या हंगामातला नमुना आदल्या हंगामात जाऊन बसतो. रब्बीच्या पिकावरचा तांबेरा बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीतच गोळा केलेला असतो, त्यामुळे ही चूक एखाद्या पाकिटात होत नाही, सगळ्या संग्रहात होते. चिठ्ठीवर नुसतं साल असेल, महिना नसेल, तर दोन्ही सनं लिहा आणि पीक पाहून निर्णय पुढच्या माणसावर सोडा.

उर्दू चिठ्ठ्या वाचायला भाषा येणं पुरत नाही, कारण घाईतलं शिकस्ता वळण वाचणं हे वेगळं कसब आहे. आपल्या भागात जमिनीचे जुने उर्दू दस्त वाचून देणारी मंडळी अजून आहेत. त्यांना बोलवा, मानधन द्या. रोगाचं नाव त्यांना कळणार नाही, पण मौजा, तालुका आणि महिना ते झरझर वाचतील. वाचताना ध्वनिमुद्रण करून ठेवलंत तर उत्तम.

गावांच्या बाबतीत मराठवाडा मोठा अवघड आहे. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे तुम्हाला ठाऊक आहे, दिल्लीत बसलेल्या माणसाला नाही. ‘उस्मानाबाद जिल्हा’ लिहिलेला नमुना आजच्या लातूर जिल्ह्यातला असू शकतो, कारण लातूर वेगळा झाला १९८२ मध्ये. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. आता तर औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावंही बदलली. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तर तालुक्या-तालुक्यात आहेत, तेव्हा तालुका नसेल तर नकाशावर ठिपका टाकायची घाई करू नका. काही ठिकाणं जागेवरच नाहीत. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं, नाथसागरात गोदाकाठची किती गावं गेली! त्या काठच्या जमिनीतल्या पिकांवरचा तांबेरा आता फक्त पाकिटात असणार. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागातली गावं नव्या जागी बसली. चिठ्ठीवरचं किल्लारी जुन्या जागेचं आहे, आजच्या नकाशावरचा ठिपका नव्या गावाचा. अशा वेळी तक्त्यात ‘जुनं गावठाण’ असा शेरा मारा. ही सगळी माहिती आपल्या भागातल्या माणसालाच असते, म्हणून हे काम तुमच्याच विभागात झालं पाहिजे, असं मला वाटतं. पुण्या-दिल्लीला नमुने पाठवा, पण गावांचा उलगडा इथे करूनच पाठवा.

आता नावांविषयी. घाई नको म्हणालो, तरी पाकिटं चाळताना तुम्हाला काही खुणा माहीत हव्यात.

‘युरेडो’ आणि ‘एसिडियम’ अशी नावं दिसतील. ही बुरशीच्या एकेका अवस्थेला दिलेली नावं आहेत. तांबेऱ्याच्या आयुष्यात पाचपर्यंत प्रकारचे बीजाणू येतात आणि कित्येक तांबेरे अर्धं आयुष्य एका वनस्पतीवर, अर्धं दुसऱ्या वनस्पतीवर काढतात. जुन्या अभ्यासकाच्या हाती जी अवस्था लागली तिला त्याने नाव दिलं. २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव हा नियम लागू झाला, त्यामुळे अशी बरीच नावं मोडीत निघाली. आपल्या भागातला उत्तम दाखला बाजरीचा. तुमच्याकडे ‘पक्सिनिया पेनिसेटी, बाजरी’ असं पाकीट असेल, आणि कुठेतरी ‘एसिडियम, वांगी’ असंही असेल. शक्यता अशी की ती दोन्ही एकाच बुरशीची आहेत. बाजरीच्या तांबेऱ्याची एसिडियम अवस्था वांग्याच्या पानाखाली येते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले रामाचार आणि परड्यूचे कमिन्स यांनी १९६५ मध्ये आपल्या बाजरीवरच्या तांबेऱ्याला ‘पक्सिनिया सबस्ट्रिआटा, उपप्रकार इंडिका’ हे नाव दिलं. आता बघा, एकाच गावच्या, एकाच हंगामातल्या बाजरी आणि वांगी या दोन्ही पाकिटांच्या तारखा तुमच्याकडे असतील तर आधी कोणावर आला, किती दिवसांच्या अंतराने आला हे कळतं. त्या पाकिटांची जोडी मोडून ‘गवतावरचे’ आणि ‘भाजीवरचे’ अशा दोन खणांत टाकली तर तो धागा तुटतो.

‘पक्सिनिया सोर्गी’ वाचून ज्वारीच्या खणात ठेवू नका. तो मक्याचा तांबेरा आहे. नाव ठेवणाऱ्याने यजमान पीक, म्हणजे बुरशी ज्यावर वाढते ते पीक, ओळखण्यात गफलत केली आणि नियमानुसार नाव तसंच राहिलं. ज्वारीचा तांबेरा म्हणजे ‘पक्सिनिया पर्प्युरिआ’.

गव्हावर ‘पक्सिनिया ग्लुमॅरम’ लिहिलं असेल तर तो पिवळा तांबेरा. त्याला थंडी लागते, मराठवाड्याच्या हवेत तो रमत नाही, म्हणून शंका घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काळा आणि तपकिरी यांतला फरक सोपा आहे. काळ्या तांबेऱ्याचे युरेडोस्पोर लांबट, त्यांच्या मध्यरेषेवर चार छिद्रं. तपकिरीचे गोलसर, छिद्रं विखुरलेली. काळ्याचे टेलिओस्पोर, म्हणजे हंगामाच्या शेवटी येणारे गडद बीजाणू, टोकाला जाड कवचाचे आणि लांब देठाचे, त्वचा फोडून बाहेर आलेले. तपकिरीचे त्वचेखाली झाकलेले, आखूड देठाचे.

भुईमुगाचं पाकीट निघालं तर तारीख नीट पाहा. भुईमुगाचा तांबेरा, ‘पक्सिनिया अरॅकिडिस’, स्पेगाझ्झिनी यांनी १८८४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यावरून वर्णिला. त्यानंतर बराच काळ तो मुख्यतः अमेरिका खंडातच होता. आपल्याकडे तो १९७० च्या आसपास दिसू लागला आणि पुढे झपाट्याने सगळीकडे पसरला. तेव्हा १९५० च्या भुईमुगाच्या पानावर तांबेरा लिहिलेला असेल तर नव्याण्णव टक्के तो टिक्का, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा वेगळाच रोग, असणार. पण तो खरोखर तांबेरा निघाला, तर भारतात ही बुरशी कधी आली याचा इतिहासच बदलेल. अशा एका पाकिटासाठी सगळं कपाट राखायला हवं.

करडई आणि जवसाची पाकिटं मला फार मोलाची वाटतात. ही दोन्ही पिकं आपल्या शिवारातून डोळ्यांदेखत ओसरली. करडईच्या तांबेऱ्याचे टेलिओस्पोर बियाण्याला चिकटून येतात, त्यामुळे पाकिटात बी असेल तर तेही तपासण्याजोगं. जवसाच्या तांबेऱ्यावर अमेरिकेत फ्लोर यांनी १९४० च्या दशकात काम केलं आणि पिकातल्या प्रतिकारक जनुकाला बुरशीतलं जनुक जोडीने असतं हा सिद्धान्त मांडला; आजचं सगळं रोगप्रतिकारक वाण-संशोधन त्या पायावर आहे. त्याच बुरशीचे मराठवाड्याच्या देशी जवसावरचे जुने नमुने मिळाले, तर त्यांचं मोल मी वेगळं काय सांगू.

रानातले नमुनेही वगळू नका. किनवट-माहूरकडच्या सागावरचा तांबेरा, दौलताबादेच्या अंजिरावरचा, मोगऱ्याच्या फांद्या वेड्यावाकड्या फुगवणारा ‘युरोमायसिस हॉब्सोनी’, बोरीवरचा, एरंडावरचा, आणि शेंगावर्गातल्या झाडाझुडपांवरचे ‘रॅव्हेनेलिया’. रॅव्हेनेलियाचे टेलिओस्पोर पुष्कळ पेशींच्या चकतीत एकत्र असतात, एकदा पाहिले की विसरत नाहीत. वनस्पती ओळखायला वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा १९९८ चा ग्रंथ आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला वनस्पतिसंग्रह आहेच. यजमान वनस्पती चुकली की तांबेऱ्याचं नाव हमखास चुकतं, म्हणून आधी पान कशाचं ते पक्कं करा. फूल नसलेल्या गवतावर वेळ जाईल, जाऊ द्या.

दोन फसवणाऱ्या गोष्टी. लालसर फोडांत बारीक चमकदार काळे ठिपके दिसले तर ते टेलिओस्पोर समजू नका. बहुधा ती तांबेऱ्यावरच जगणारी दुसरी बुरशी, ‘डार्लुका’ असते. तिचीही नोंद करा, जैविक नियंत्रणाच्या दृष्टीने तिला महत्त्व आहे. आणि ‘पांढरा तांबेरा’ म्हणून ठेवलेली मोहरीवर्गातली पानं खऱ्या तांबेऱ्याची नाहीत, तो वेगळ्याच कुळातला जीव आहे. पाकीट ठेवा, फक्त तक्त्यात वेगळं दाखवा.

तपासणीसाठी फोड खरवडताना हात राखून. सुईच्या टोकावर जेवढं येतं तेवढं पुरतं. लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात टाकून स्लाइड हलकी गरम केली की वाळून चेपलेले बीजाणू फुगून मूळ आकारात येतात आणि छिद्रं दिसू लागतात. पाण्यात पाहून मापं घेतली तर ती कमी भरतात. निदान तीस बीजाणू मोजा. वापरलेली स्लाइड फेकू नका, तिला पाकिटाचाच क्रमांक देऊन जपा, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा पान खरवडावं लागणार नाही.

किडीवर उपाय थंडीचा. तुमच्या कपाटातली कीड बहुधा सिगारेट बीटल किंवा तिच्यासारखाच छोटा तपकिरी भुंगेरा असणार. पाकिटं जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, शक्यतो एक दिवस, तशीच राहू द्या, नाहीतर पानांवर दव धरून बुरशी चढेल. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा हाच फेरा करा. नव्याने विषारी औषध मारू नका, ओव्हनमध्ये भाजू नका; उष्णतेने डीएनएचे तुकडे होतात. आपला उन्हाळा कोरडा, तो नमुन्यांना मानवतो. जपायचं असतं ते जुलै ते सप्टेंबर. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, वरच्या मजल्याच्या न्हाणीखाली तर मुळीच नको. जुनी पाकिटं आम्लरहित कागदाच्या नव्या पाकिटांत आख्खी घाला, जुनं पाकीट काढून टाकायचं नाही.

डीएनएबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी लवकरच तुम्हाला सुचवेल. जुन्या वाळक्या पानांतून रोगकारकाचा जनुकीय इतिहास वाचता येतो हे सिद्ध झालेलं आहे. आयर्लंडच्या १८४५ च्या दुष्काळाला कारण झालेल्या बटाट्याच्या करप्याचा वंश २०१३ मध्ये संग्रहातल्या पानांवरूनच उलगडला. तांबेऱ्यांवरही असं काम होतं आहे. पण जुना डीएनए तुटक असतो, त्यासाठी खास प्रयोगशाळा लागते, आणि साध्या पद्धतीने प्रयत्न केला की नमुना खर्ची पडतो आणि हाती काही येत नाही. पाच वर्षं थांबलात तरी काही बिघडत नाही, पद्धती सुधारतच आहेत. कुणाला दिलंच तर एकच फोड द्या, किती दिलं आणि कधी ते पाकिटात लिहून ठेवा. परदेशात पाठवायचं असेल तर जैवविविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी आधी.

ठेवायचं कुठे, यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्या पाकिटात पानं पुरेशी आहेत त्याचे दोन भाग करा; एक आजरेकर संग्रहाला किंवा दिल्लीला, एक तुमच्याकडे, दोन्हींवर एकच क्रमांक. एकच पान असेल तर मोठ्या संस्थेला द्या आणि आपल्याकडे फोटो ठेवा. महाविद्यालयातले संग्रह जीव लावणाऱ्या एका शिक्षकावर जगतात आणि तो निवृत्त झाला की दोन-तीन वर्षांत अडगळीत जातात, हे मी माझ्या भागात पुन्हापुन्हा पाहिलं आहे. मोठ्या संग्रहाचा क्रमांक मिळाला की नमुना शोधनिबंधात उद्धृत करता येतो, आणि उद्धृत झालेली वस्तू रद्दीत घालायला कोणी धजत नाही. प्राचार्यांकडून एक ओळीचा ठरावही करून घ्या की हा संग्रह विभागाची नोंदणीकृत मालमत्ता आहे. जडवस्तू नोंदवहीत एकदा चढला की तो सहजासहजी निर्लेखित होत नाही.

आणि या रब्बीपासून नवे नमुनेही घ्या. जुन्या पाकिटांशी ताडून पाहायला आजचं काही हवं ना! सोयाबीनचा तांबेरा सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कृष्णाकाठी वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. कसबे डिग्रजच्या केंद्राने फुले संगमसारखे वाण काढले ते त्या भागाच्या अनुभवातून. लातूर-धाराशिवात सोयाबीन इतकं पसरलं आहे की इथे तो कुठल्या गावी, कुठल्या तारखेला दिसतो याची पाकिटं आत्ताच बनायला हवीत. हरभऱ्यावरचा ‘युरोमायसिस’, कडवळाच्या आणि खोडव्याच्या ज्वारीवरचा तांबेरा, उसावरचा, हेही घ्या. दोन पानं नव्हे, दहा-बारा घ्या, शेंडा आणि फूल असलेली फांदी सोबत. कागदात दाबून सावलीत वाळवा, पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. चिठ्ठी पेन्सिलने किंवा न पसरणाऱ्या शाईने, त्याच दिवशी, शेतातच लिहा: मौजा, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, पीक आणि वाण, पेरणीची तारीख, गोळा केल्याची तारीख, नाव. वाण शेतकऱ्याला विचारा, पिशवी असेल तर तिचाच फोटो घ्या.

पहिल्या काही पाकिटांचे फोटो तयार झाले की गव्हाची, भुईमुगाची आणि बाजरी-वांग्याची आधी कळवा. बाकीचं सावकाश पाहू.